खादीचा खिसा, साटनचा खिसा

अब्बा, तुम्हाला अक्षर वाचता येत नव्हतं. घरी पत्र आलं की मीच वाचून दाखवायची. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या वयाच्या पुढे मी केव्हाच निघून गेले, तरी आज लिहायला बसले आहे.

तुमची साखर एका गोळीला ऐकेना, म्हणून डॉक्टरांनी जोडीला दुसरी दिली, तेव्हाची गोष्ट. मी यवतमाळात त्याच दवाखान्यात नर्सिंग शिकत होते. मुलीला असल्या कामाला धाडलं म्हणून मोहल्ल्यातले लोक तुम्हाला बोलायचे, आणि तुम्ही शिलाई न थांबवता, तिले जमते ते काम, एवढंच म्हणायचे. दोन्ही गोळ्या पांढऱ्या, गोल. एक फक्त सकाळी, दुसरी दोन्ही वेळा, आणि दोन्ही जेवणासोबतच. मी हे घाईघाईत सांगितलं आणि ड्यूटीवर पळाले. तुमच्या ध्यानात राहिलं ते एवढंच, की गोळ्या दोन. तुम्ही सकाळच्याच पुडीतल्या दोन गोळ्या एकदम घेतल्या, त्याही उपाशीपोटी, आणि दुकानात मशीनवर जाऊन बसलात.

दुपारी तुम्हाला सायकलरिक्षातून आणतात. अंग घामानं भिजलेलं, हात थरथरताहेत, मला तुम्ही ओळखत नाही. मी नुसती उभी आहे. वॉर्डच्या सिस्टर मला बाजूला सारतात, डॉक्टरांना बोलावतात, शिरेतून साखरेचं पाणी सुरू होतं. तुम्ही डोळे उघडता आणि आधी विचारता, कुणाचा तरी कोट अर्धा राहिला, त्याचं काय. मग सिस्टर मला व्हरांड्यात नेतात. आवाज चढवत नाहीत.

"तू सांगतलं. पण त्यायले समजलं का, हे पाह्यलं का तू?"

दोन दिवस तुम्ही वॉर्डात होतात. सिस्टर तुमच्या खाटेशी स्टूल घेऊन बसल्या. पुड्यांवर लिहून काय उपयोग, अर्ध्या वॉर्डाला वाचता येत नाही, असं त्या माझ्याशी बोलत होत्या. तुम्ही मध्येच म्हणालात, "बाई, मले कागद समजत नाही, कापड समजते. डोये मिटूनबी समजते."

सिस्टरांनी स्टूल आणखी जवळ ओढलं. मग तुम्ही दोघांनी मिळून गोळ्यांसाठी एक पिशवी ठरवली: सकाळच्या गोळीला जाड खादीचा खिसा, दोन वेळच्या गोळीला गुळगुळीत साटनचा. घरी जाण्याआधी पेशंटनं ताटावर बसून बरोबर गोळी स्वतः काढून दाखवायची, हा नियम सिस्टरांचा. डॉक्टर आधी हसले. पण घाटंजीची एक म्हातारी महिन्यानं परत आली आणि तिनं खिसे चाचपत सगळं बिनचूक सांगितलं, तेव्हा अशी पिशवी प्रत्येकाला द्या, असं तेच म्हणाले. तुम्ही पुढे कितीतरी वर्षं उरल्यासुरल्या कापडातून पिशव्या शिवून दिल्यात. माझ्या हाती गठ्ठा देताना तुमची मान जरा ताठ व्हायची.

शेवटच्या दोन वर्षांत तुमची नजर गेली. तरी तुम्ही मशीनवर बसायचे. अब्बा, तेव्हा टाके वाकडे येत होते, खिशांची तोंडं शिवली जात होती. मी त्याच दवाखान्यात नोकरीला लागले होते; नर्सेसच्या हॉस्टेलवर बसून त्या पिशव्या उसवायची आणि पुन्हा शिवायची. घरी आले की तुम्ही विचारायचे, सिस्टर काय म्हणाल्या. मी सांगायची, टेलर मास्टरांच्या हाताला अजून तोड नाही म्हणाल्या.

त्या असं कधीच म्हणाल्या नाहीत. उसवायला त्याही माझ्याजवळ बसायच्या.