उशाशी हवा असलेला ट्रे

प्रिय ठकू,

फोनवर मला रडू येतं आणि तू फोन ठेवून देतेस, म्हणून लिहिते आहे.

बाबांनी अंथरूण धरलंय. डॉक्टरीणबाईंनी महिने नाही, दिवस सांगितले. पलंग खिडकीशी सरकवलाय. तिथून त्यांच्या लिलींचा वाफा दिसतो. हो, तोच. दोन वर्षांपूर्वी माझ्या वाढदिवसाला तू त्यातली सगळी फुलं दांड्यांसकट, पार मातीलगत कापून आणलीस. पानं गेली की खालचा कंद उपाशी राहतो, हे तुला कुठून ठाऊक असणार? 'हिच्या हातून काही जगायचं नाही,' असं ते बोलून गेले आणि त्याच आठवड्यात तू घर सोडलंस. मी मूग गिळून बसले. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

आता त्यांचा जीव बी पेरलेल्या एका ट्रेत अडकलाय. दाट झाडांच्या सावलीत वाढणारं, तीन पानांचं, पांढऱ्या फुलाचं रोप. महाहट्टी, अगदी त्यांच्यासारखं. पहिलं वर्षभर नुसतं मूळ सोडतं, दुसऱ्या वर्षी कुठे एक पान, फुलायला सात वर्षं. मला मेलीला हे माहीत नव्हतं. ते दवाखान्यात असताना ट्रे रिकामा दिसला म्हणून माती खताच्या ढिगावर ओतली आणि कोथिंबीर पेरली.

घरी आल्यापासून रोज विचारतात, "उगवलं का गं?" नजर अधू झाली आहे, म्हणून मी दारातूनच कोथिंबीर दाखवते आणि ते हसतात. पण परवापासून ट्रे उशाशी हवा म्हणून हटून बसलेत. जवळ नेला तर वासानेच कळेल. रविवारी आणते म्हणून थोपवलंय. माझी अक्कल आता चालत नाही गं.

काल सगळा ढीग हातांनी उपसला. रोप मिळालं नाही, ट्रेत खोचलेली पेरणीची पट्टी मिळाली. तू गेलीस त्याच आठवड्यातली तारीख आणि खाली त्यांच्या अक्षरात: 'ठकूसाठी. फुलेपर्यंत येईल.' तू निघालीस तेव्हा त्याच बियांची एक पुडी त्यांच्या टेबलावरून उचलून मी तुझ्या बॅगेत घातली होती. पेरली असशील तर कुंडी घेऊन ये. फेकून दिली असशील तरी ये, रविवारच्या आत. तू दारात दिसलीस तर ते ट्रे मागणार नाहीत.

वाट पाहणारी, तुझीच,
आई