शेवटचे चार जबडे

६ जाने.
मृणाल मॅडमच्या स्लाइड पुन्हा काळ्या. उंदराच्या दाताच्या मुळाशी असलेल्या मूळ पेशींवर तीन वर्षं काम चाललंय तिचं. औषध टोचून त्या चमकत्या केल्या की त्यांच्या पोटच्या सगळ्या पेशी चमकतच जन्मतात. मग दात कुणी बांधला ते दिसतं. दिसायला तर हवं! लॅबचे प्रमुख सर म्हणाले, महिनाअखेर निकाल नाही तर काम बंद. बिचारीने जेवणाचा डबा न उघडताच परत नेला.

७ जाने.
सकाळी तिची वही चाळली. ‘काप काढण्याआधी हाड मऊ करणे : सौम्य द्रावण, तीन आठवडे.’ आणि मी जबडे दोन दिवसांत ॲसिडने उरकत आलोय! ठाण्याच्या हॉस्पिटलात तीस वर्षं तसंच केलं, तिथे पेशंट खोळंबलेला असायचा. निवृत्तीनंतर इथे लॅबमध्ये आलो, वाटलं, तिचा वेळ वाचवतोय. ॲसिडने चमकच मारून टाकली. चूक तिची नव्हतीच.
दुपारी सांगून टाकलं. तिने फ्रीज उघडून मोजलं. “काका, चारच जबडे उरलेत.”

१२ जाने.
रविवार, तरी लॅबमध्ये. द्रावण रोज बदलायचं असतं. सुलभा म्हणाली, “घरातल्या फुलदाणीचं पाणी कधी बदललं नाहीत ते!” बायको आहे, बोलणारच.
मॅडम कामापुरतंच बोलते.

२१ जाने.
सर डोकावले. “झालं का?”
“हाड आहे साहेब, बटाटा नव्हे.” चटकन बोलून गेलो. मॅडमने मान खाली घातली, बहुतेक हसली.

२८ जाने.
तीन जबडे कापले. नवं ब्लेड, एक चीर नाही. हात अजून चालतो म्हणायचा.
“काका, इकडे या. लवकर!”
मुळापासून टोकापर्यंत लाल रेघ. सलग!! तिसरा जबडा औषध न टोचलेल्या उंदराचा, त्याची स्लाइड पार काळी, म्हणजे चमक खरंच औषधाचीच. मॅडम एवढ्याने ओरडली की वॉचमन धावत आला. मी नाचलो. साठी उलटून गेल्यावर, ॲप्रनमध्ये.

३० जाने.
काम चालू राहणार. सरांनी स्वतः चहा मागवला. आधीच्या स्लाइड का बिघडल्या ते मीच सगळ्यांसमोर सांगितलं.

३१ जाने.
चौथा जबडा कापला. दाताची रेघ आहेच, शिवाय पलीकडे जबड्याच्या हाडातही लाल पुंजका. मध्ये जोडणारं काही नाही. दाताच्याच पेशी तिकडे गेल्या, की हाडाच्या वेगळ्या?
“तुमच्या ॲसिडची करामत नाही ना ही?” आणि मॅडम खळखळून हसली. तीन आठवड्यांनी.
मग खुर्ची ओढून दिली. “काका, तुम्हाला काय वाटतं?”
इतक्या वर्षांत डॉक्टर लोक स्लाइड घेऊन जायचे, हे कुणी विचारलं नव्हतं. “माहीत नाही,” म्हणालो, आणि असा आनंद झाला की काय सांगू. सुलभाला फोन केला, आज जेवायला थांबू नकोस. आता उरलेला तुकडा आडवा कापून बघतोय, मध्ये कुठे जोड सापडतो का.