विचारायचं बटण

प्रिय आई,

पाकीट बघूनच तुझ्या कपाळावर आठी पडली असणार. घरात फोन असताना ही कार्टी पत्रं कसली लिहीत बसते, असं मनात आलं असेल. पण फोनवर मी एकटीच बडबडते आणि पलीकडून तुझा नुसता श्वास ऐकू येतो, तेव्हा मला काही सुचेनासं होतं. मग हवापाण्याचं बोलते, गोळ्या घेतल्यास का विचारते, उत्तर मावशी देते, आणि मी फोन ठेवते. पत्रात तसं नाही. पत्रात सगळ्यांचंच एकट्याचं बोलणं असतं, त्यामुळे तुझी माझी फिट्टंफाट. चष्मा लाव आणि खिडकीपाशी बस. मावशीला वाचून दाखवू देऊ नकोस, ती मधल्या ओळी गाळते.

तिकीटखिडकीच्या त्या बोटभर फटीतून जन्मभर तू अख्ख्या बसस्थानकाशी भांडलीस. घरी आल्यावर उरलेलं आमच्याशी. तुझ्या जिभेला हाड नाही, असं बाबा म्हणायचे, आणि तू गप्प बसलीस की तेच आधी घाबरायचे. अर्धांगवायूच्या त्या झटक्याने तुझा उजवा हात नेला आणि जीभ नेली. वाचणं, समजणं आणि राग मात्र जागच्या जागी आहेत, हे डॉक्टरांनी सांगायच्या आधीच आम्हाला कळलं होतं. डाव्या हाताने लिहायला सांगितलं तर तू पेन भिरकावलंस, ते नर्सबाईंच्या चहात पडलं.

म्हणून तर मी तो टॅब आणला होता. आमच्या ऑफिसात आजवर केलेल्या कामांपैकी मला सर्वांत जास्त अभिमान त्याचाच. पडद्यावर चौकोन, चौकोनात चित्र आणि खाली वाक्य. बोट लावलं की टॅब ते वाक्य बोलणार. मला पाणी हवं आहे, मला थंडी वाजते आहे, मला झोप लागत नाही. ते चौकोन मी स्वतः आखले होते, रंग निवडले होते. पहिल्यांदा तू पाणी मागितलंस तेव्हा मावशी रडली होती.

आणि आता तो तुझ्या स्वेटरांच्या खाली कपाटात पडून आहे. मावशीने सांगितलं. बाहेर काढून दिला तर तोंड फिरवतेस, हाताने ढकलतेस, आणि आता तर खुणासुद्धा करत नाहीस म्हणे. आई, टॅब गेला खड्ड्यात, पण तू कुणाशीच काही बोलायचं नाही असं ठरवलं आहेस का, याची मला भीती वाटते. गेल्या खेपेला मी आले तेव्हापासून हे सुरू झालं. मी दारातून आत आल्यापासून तू एकच चौकोन दाबत होतीस. मला झोप लागत नाही. मी चहा केला, पुन्हा तेच. मी तुझे केस विंचरले, पुन्हा तेच, आणि माझ्याकडे रोखून बघणं. मावशी म्हणाली, 'अगं, ताई तर रात्रभर घोरते, मलाच झोप लागत नाही!' पण मी माझ्या टॅबवर विश्वास ठेवला, मावशीवर नाही. डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी गोळी लिहून दिली, आणि माझी उरलेली सुट्टी तू पेंगण्यात घालवलीस. मी निघाले तेव्हाही झोपलेलीच होतीस.

असो. तर बातमी अशी, की तू एकटीच नाहीस. लोक आमचा टॅब घरी नेतात आणि थोड्या दिवसांनी ठेवून देतात, असं आढळलं. साहेब म्हणाले, पडदा नव्याने आखा, पण त्याआधी तो वापरणाऱ्या माणसांसमोर जाऊन बसा. म्हणून गेले काही आठवडे मी उपचार केंद्राच्या एका मोठ्या खोलीत बसते आहे. फिनेलचा वास, भिंतीलगत कसरतीचे बार, प्लास्टिकच्या खुर्च्या. माझ्याबरोबर आमचा प्रोग्रामर असतो. त्याला सगळे शिडी म्हणतात, कारण उंच आहे आणि कुठेही टेकवून ठेवला तरी चालतो.

तिथे एक ट्रकचालक येतात. त्यांना कंटाळा आला की ते शौचाला जायचं बटण दाबतात. दोन माणसं त्यांना उचलून नेतात, आणि ते व्हरांड्यात थांबून आरामात बाहेरची वाहतूक बघतात. तक्रार त्यांच्या बायकोची होती. 'अहो, तुमचं ते यंत्र मला कृपया पाणी द्या म्हणतं. ह्यांनी जन्मात कधी कृपया म्हटलं नाही. हा कोण सभ्य गृहस्थ माझ्या घरात येऊन पडलाय, असं वाटतं मला!' शिडीने मान खाली घालून तिथल्या तिथे सगळे कृपया काढून टाकले. चालकसाहेबांच्या चेहऱ्याची जी अर्धी बाजू हलते तीवर हसू पसरलं.

दुसरे एक घड्याळं दुरुस्त करणारे काका. अतिशय शांत. परवा जेवणाच्या वेळी त्यांनी मला भूक लागली आहे हे बटण दाबायला सुरुवात केली. ताट समोर होतं, काकू भरवत होत्या, तरी आपलं दाबणं चालूच. मी लिहून घेतलं की बोट चुकीच्या चौकोनावर पडतं आहे, चौकोन लांब लांब हवेत. शिडी म्हणाला, बोट थरथरत असेल, एकदा दाबलं की थोडा वेळ बटण बंद ठेवू. आमची अशी हुशारी चालू असताना काकू त्यांचं तोंड पुसत म्हणाल्या, 'अहो, ते स्वतःचं नाही सांगत. मी सकाळपासून काही खाल्लं नाही ना, ते विचारताहेत, तू जेवलीस का म्हणून. विचारायचं बटण कुठं दिलंय तुम्ही?'

आई, मी लिहून घेतलेलं सगळं खोडून टाकलं. आम्ही इतके चौकोन आखले आणि प्रत्येकाची सुरुवात 'मला'ने केली. आजारी माणसाला फक्त काहीतरी हवं असतं, असं आम्ही गृहीत धरलं. त्याला दुसऱ्याची काळजी वाटेल, उत्सुकता वाटेल, नसती चौकशी करावीशी वाटेल, हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मी तिथल्या बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून भरपूर रडले. डोळे सुजले ते सुजलेच. शिडीने चहा आणून ठेवला.

बैठकीत वाद झाला. साहेबांचं म्हणणं, बटणं जितकी कमी तितकं बरं, विचारपूस ही काही गरज नाही. मी त्यांना विचारलं, दिवसभरात तुम्ही घरी किती वेळा पाणी मागता आणि किती वेळा 'काय झालं' म्हणून विचारता? ते म्हणाले, मी विचारतच नाही, बायको विचारते. सगळे हसले आणि माझं काम झालं. आता पडद्याच्या अर्ध्या भागात 'मला' आणि अर्ध्या भागात 'तुला'. जेवलीस का? काय झालं? खरं सांग. कोण आलं होतं? नवा पडदा काकांसमोर ठेवला तेव्हा त्यांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि दाबलं, जेवलीस का? काकू इतका वेळ गप्पा मारत होत्या, त्या एकदम खिडकीकडे वळल्या. 'जेवले हो, जेवले, किती वेळा विचाराल?' म्हणाल्या. विचारलं होतं एकदाच.

या पत्राबरोबरच्या खोक्यात नवा टॅब आहे. मावशी चार्ज करून देईल. खालचा एक कोपरा ज्याच्या त्याच्या वाक्यांसाठी आहे, तुझा मी भरला आहे. 'अक्कल गहाण टाकलीस का?', 'शहाणीच आहेस!' आणि 'सुट्टे द्या, नाहीतर बाजूला व्हा.' काही जागा रिकाम्या ठेवल्या आहेत, तुला काय हवं ते आल्यावर भरू. पण पत्र लिहिलं ते यासाठी नाही. तू मला त्या दिवशी दाराशीच एक प्रश्न विचारला होतास, तुझ्याजवळ जो एक चौकोन होता तो दाबून दाबून, आणि मी उत्तर म्हणून तुला गोळी दिली. खरं उत्तर हे आहे. नाही आई, मला झोप लागत नाही. तुझे जावई आणि मी उन्हाळ्यापासून वेगळे राहतो. त्या खेपेला मी तेच सांगायला आले होते. ताईला सोसणार नाही म्हणून मावशीने मला गप्प राहायची शपथ घातली, आणि माझ्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं तर तू आधीच वाचली होतीस. तिच्यावर रागावू नकोस. मी शनिवारी येते आहे. 'काय झालं?' हे बटण तुझ्या डाव्या अंगठ्याखाली येईल असंच ठेवलं आहे. तू विचार, म्हणजे मला सांगता येईल.

तुझीच,
कार्टी