पत्र्याखाली न टिकणारा प्रोसेसर

आबा, तुम्हाला कॉम्प्युटर माहीत नाही आणि मला समजावत बसायचा कंटाळा आहे. एवढंच ऐका की तुमच्या नातीला तो तयार नको होता, एकेक भाग आणून घरी स्वतः जोडायचा होता. अभ्यासाला का म्हणून विचारलं तर म्हणाली, नाही, खेळायला. खोटं बोलली नाही म्हणून पुढचं ऐकून घेतलं. गाव वसवायचा खेळ आहे म्हणे. रस्ते, नळ, घरं, माणसं, सगळं आपणच मांडायचं. सगळा हिशोब करणारा एक काडेपेटीएवढा तुकडा असतो, प्रोसेसर. हलका घेतला तर गाव मोठं झालं की दम टाकतो. भारी घेतला तर लई तापतो. हा का तो, सगळा उन्हाळा पोरीनं डोकं खाल्लं. मी म्हटलं, लोक जावई एवढा पारखत नाहीत.

शेवटी नांदेडला गेलो. दुकानदार वयस्कर, आधी रेडिओ दुरुस्त करायचा. त्यानं पोरीचं सगळं ऐकलं आणि मला विचारलं, "ताई, ज्या खोलीत ठेवणार तिच्यावर काय हाय, पत्रा का स्लॅब?" पत्रा, म्हटलं. तो म्हणाला, मग भारीवाला राहू द्या, मे महिन्यात पत्र्याखाली तो तापणार आणि आपोआप मंद होणार, स्लॅबची खोली असेल तर बोला. पोर माझ्याकडं बघायला लागली. मी पदरानं तोंड पुसत होते. तो हसला, "पंखा प्रोसेसरला लावू का तुम्हाला?"

खोल्या आहेत, आबा. लातुरात स्लॅबच्या खोल्या बांधल्या, त्यात शिकवणीला आलेली पोरं ठेवते, त्यांचे डबे करते. घरचे आम्ही मागं, पत्र्याच्या खोलीत. लोक म्हणतात भाड्यासाठी करते. म्हणू द्या.

गावातलं लहानपणीचं अजून दिसतं, तुम्ही खालून पाट्या देताय आणि मी घरावर, माळवदावर, पांढरी माती पसरतेय, पावसाळ्याच्या आधी, दरसाल. मान अवघडली म्हणून मी माती पांगवून मोकळी होते. तुम्ही शिडीवरून डोकं काढता. "पातळ टाकू नको गं. उद्या तुझ्या पोराबाळांना सावली पाहिजे." मग जुन्या थरावर नवा थर, चांगला जाड. मे महिन्यात गल्लीत आपलंच घर गार, पाहुण्याला भिंतीला हात लावायला लावायचात तुम्ही. मी मुदखेडला मावशीकडं गेले तेव्हा भूकंप झाला. परत आले तर ती सगळ्या सालांची माती तुमच्या अंगावर होती. मी काही शिकलेली नाही, पण तेव्हापासून एक कळतं, माझ्या माणसांच्या डोक्यावर हलकंच पाहिजे. पत्रा पडला तर खोक पडंल, जीव जाणार नाही.

पोर दुकानात हळूच म्हणाली, "आई, दुसऱ्यांची पोरं स्लॅबखाली झोपतात तेव्हा तुला झोप लागते. मीच का पत्र्याखाली?" दुकानदार उगीच एक खोका उघडून बघायला लागला. घरी असते तर हात उचलला असता. काय सांगणार होते? सळई भरपूर टाकलीय, इंजिनियरनं उभं राहून बघितलंय, घाबरू नका, हेच मी त्या पोरांच्या आईबापांना सांगते. आणि खरंच सांगते. ते जर खरं असंल तर मग माझ्याच पोरीला का लागू होत नाही? आणि खरं नसंल तर मी कुणाची लेकरं आत निजवते? डोकं फिरलं. दुकानदाराला म्हटलं, "भारीवालाच द्या. खोली हाय स्लॅबची."

एक खोली रिकामी झाली, पोर तिकडं राहायला गेली. सगळं तिनंच जोडलं, पहिल्या फटक्यात चालू झालं. मी दिवसातून कितीदा त्या दारापाशी जाते, उगीच. ती खेळत असते, चिडते माझ्यावर. हे लिहून तरी काय, आबा, तुमचा पत्ताच गेला. डब्यांची वेळ झाली की हा कागद चुलीत घालीन.

काल तिनं हाक मारली, ये ना, माझं गाव बघ, किती मोठं झालं. म्हणाली, "यात भूकंप पण असतो आई. मी बंद करून ठेवलाय." मी दारातच उभी. म्हटलं, पाय ओले आहेत माझे, फरशी खराब होईल.

पाय कोरडे होते.