मुरुडच्या रानातली येळवस

दार-ए-सलाम
१७ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. अक्कास,
भागवतचा शि. सा. न. वि. वि.

मी इथं सुखरूप पोचलो. फोनवर बोलायला गेलं की तुझ्या कानातलं यंत्र शिट्टी मारतं आणि आपण दोघंही जेवलास का, जेवलीस का एवढ्यावरच थांबतो. म्हणून ठरल्याप्रमाणं कागदावर लिहून त्याचा फोटो तुझ्या ऋतुजाला पाठवून राहिलो. रविवारी ती विष्णुपुरीच्या कॉलेजातून मुदखेडला आली की मोठा करून दाखवील.

विमानातून पाय बाहेर टाकला आणि कुणीतरी गरम ओल्या फडक्यानं तोंड पुसल्यासारखं वाटलं. आपल्याकडं स्वेटर निघाले असतील, इथं मी दिवसाला तीन बनियन बदलतो. समुद्र म्हणशील तर आमच्या गल्लीच्या टोकाला आहे. भाषा कळत नाही, पण मधूनच एखादा शब्द आपल्या गावचा वाटतो. कसं काय विचारायचं तर हे हबारी म्हणतात, म्हणजे आपलं खबरच की. दुकानाला दुका आणि साबणाला साबुनी. मोठ्या माणसाला आधी शिकामू म्हणायचं, मग तो मरहबा म्हणतो. इथली लेकरं ते कधी चुकवत नाहीत.

पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. डाळमिलच्या मुकादमानं उद्या दोनला या म्हणून सांगितलं. मी निवांत जेवून दुपारी दोनला गेलो, तर सगळी मिल सकाळी आठपासून माझी वाट बघून राहिलेली. इथले लोक दिवस उगवल्यापासून तास मोजतात. सकाळचे सात म्हणजे यांचा एक, आणि आठ म्हणजे दोन. मिलचे शेठ हसले, पण मुकादम अजून माझ्याकडं बघून दोन बोटं दाखवतो.

काम तेच, डाळीचं. लातूरची मिल बंद पडल्यावर दोन वर्षं घरात बसून काढलेला माणूस मी, इथं पुन्हा यंत्राचा आवाज ऐकला आणि बरं वाटलं. तुरीचं पहिलं पोतं उसवलं, दाणा दाताखाली धरला, आणि बाबांची आठवण झाली. तेही असाच दाणा फोडून ओल सांगायचे.

एक लिहायचं राहिलं. यंदा येळवसच्या अमावास्येला तू मुरुडला आपल्या रानात जाऊ नकोस. बटाईदार सोडून गेलाय, पूजेचा कडब्याचा कोप बांधायला कुणी नाही, उज्वलाही लेकरं घेऊन तिच्या माहेरी जाणार आहे. एक वर्ष घरीच पूजा कर. दाजींना नमस्कार. मोठ्या मनानं घे सगळं.

तुझा,
भागवत

मुदखेड
२४ नोव्हेंबर २०२४

चि. भागवत यास,
अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र ऋतुजानं बोटांनी ओढून ओढून दाखवलं. दोन वाजताची गंमत वाचून तुझे दाजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. रेल्वेत पस्तीस वर्षं काढली, पण असलं घड्याळ ऐकलं न्हाई म्हणाले. तीन बनियन धुतं कोण? घरी तर तुला कधी स्वतःचा टॉवेल सापडला न्हाई.

आता येळवसचं. तू कोण रे मला जाऊ नको म्हणणारा? लगीन होऊन छत्तीस वर्षं झाली, दिवाळी चुकली, पंचमी चुकली, पण येळवसला मी आपल्या रानात न्हाई असं झालं न्हाई. ऋतुजा पोटात होती तेव्हासुद्धा आले होते. कोप बांधायला माणूस न्हाई तर दाजी हायत. पाच पेंढ्या कडबा उभा केला की झाला कोप. पांडवाचे पाच दगड तर बांधावर हायतच, आईनं ठेवलेले.

तू इतका लांब गेलास, तुला घराची आठवण येत असंल, म्हणून एक सांगते. आई गेली, बाबा गेले, तू गावचं घर मोडून लातूरला बिऱ्हाड केलंस. त्याचं काही वाईट न्हाई वाटलं, लेकरांच्या शाळा होत्या. पण माहेर म्हणून मला आता ती तीन एकरच राहिली. तिथं वर्षातून एक दिवस जाऊन बसते. ज्वारीत आंबील शिंपडते, वाटेनं जाणारा-येणारा कुणी दिसला की हाक मारून भज्जी-भाकरी वाढते. आई म्हणायची, आज रानाजवळून कुणी उपाशी गेलं न्हाई पाहिजे. तेवढ्या एका दिवसासाठी तू मला घरी बस म्हणून राहिलास.

भाऊबीजेनंतर लातूरच्या ऑफिसात नेऊन तू माझ्या सह्या घेतल्यास, ते वारसाचं काम झालं का? सातबाऱ्यावर आपली दोघांची नावं आली असतील तर ऋतुजाकडून मला त्याचा फोटो दाखव. बाबांच्या जागी माझं नाव कसं दिसतं ते बघायचंय. हसू नकोस.

तब्येतीला जप. आमची काळजी नको, तुझीच आम्हाला हाय.

तुझी,
अक्का

दार-ए-सलाम
८ डिसेंबर २०२४

ती. सौ. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र फोटो न काढता पोस्टानं पाठवतोय, कारण ऋतुजानं ते तुझ्याआधी वाचू नये. पोस्टातला माणूस दोन-अडीच आठवडे लागतील म्हणाला, म्हणजे येळवसच्या आत तुला मिळेल.

मी ज्या घरात राहतो ते मामा रेहेमा नावाच्या बाईचं आहे, इथं मामा म्हणजे आई. वय तुझ्याएवढंच असेल. घर तिच्या वडलांचं, अर्ध्यात ती, अर्ध्यात तिचा भाऊ. काल तो भाऊ आला. त्याला त्याच्याच बाजूच्या भिंतीत एक दार पाडायचं होतं, आणि त्यासाठी तो बहिणीला विचारायला आला होता. तिनं अर्धा तास नाही-होय केलं. तो तेवढा वेळ चटईवर मांडी घालून बसला होता. मी शेजारी जेवत होतो, अर्ध्या ताटावरून उठलो.

अक्का, रान विकलं मी. तुझी सही वारसाच्या कागदावर नव्हती, खरेदीखतावर होती. बाबांच्या मागं दोघांची नावं लागून वर्ष झालं होतं. तो सातबारा मी तुला कधी दाखवलाच नाही. ऑफिसात बाकावर चष्मेवाले एक गृहस्थ बसले होते, तू त्यांना नमस्कार केलास, तेच घेणारे. लातूरचे डॉक्टर आहेत. त्यांची यात काही चूक नाही. त्यांना मी अक्का राजी आहे म्हणून सांगितलं होतं. ऑफिसातल्या साहेबांनी तुला विचारलं, तुम्हाला हे मंजूर आहे का. तुला ऐकू गेलं नाही. तू माझ्या तोंडाकडं बघितलंस, मी मान हलवली, म्हणून तू हलवलीस. ते माझ्या डोळ्यापुढून जात नाही.

शेठ म्हणाले होते, नोकर म्हणून येऊ नको, भागीदार म्हणून ये. पन्नाशीत पुन्हा कुणाची चाकरी करायची नाही एवढंच डोक्यात होतं. तुझ्या वाट्याचे पैसेही त्या भागीदारीतच घातले. तुला विचारलं तर तू नाही म्हणशील, असं मी उज्वलाला सांगितलं होतं. तेही खोटं. तू होच म्हणाली असतीस, पण तुझ्या डोळ्यांत पाणी आलं असतं आणि ते मला बघायचं नव्हतं.

हे फोनवर सांगायची माझ्यात हिंमत नाही. मला काय बोलायचं ते बोल, पण येळवसला तिकडं जाऊ नकोस.

तुझा अपराधी,
भागवत

मुदखेड
५ जानेवारी २०२५

चि. भागवत यास,
आशीर्वाद. वि. वि.

तुझं पाकीट परवा, तीन तारखेला मिळालं. येळवस तीस तारखेला झाली.

अठ्ठावीसला तू ऋतुजाला फोन करून पाकीट आलं का विचारलंस. न्हाई म्हटल्यावर आईला मुरुडला जाऊ देऊ नको म्हणालास, कारण सांगितलं न्हाईस. मला वाटलं थंडीचं बोलून राहिलास.

आम्ही पहाटेच निघालो. आंबिलीचं बिंदगं मांडीवर धरून मी लातूरवरून मुरुडपर्यंत गेले, सांडलं न्हाई. डब्यात भज्जी, बाजरीचे उंडे. तुझे दाजी कडब्याच्या चौकशीला गावात थांबले आणि मी पुढं रानाकडं चालले. लांबूनच दिसलं, कोप उभा हाय. मी म्हटलं, भागवतानं गुपचूप माणूस लावून बांधून घेतला. लई आनंद झाला. खरं सांगते, चालता चालता तुला चार आशीर्वाद दिले.

जवळ गेले तर बांधाला तार ओढलेली. आत पंधरावीस माणसं, लेकरं, दोन मोटारी. मी तारेबाहेर उभी राहिले. रान चुकले म्हणावं तर आपली चिंच समोर होती. तेवढ्यात आतून एक म्हातारी आली, मला काही ऐकू येईना, तर हाताला धरून तिनं मला आत नेलं. वाटेनं जाणारी कुणी बाई समजली ती. पत्रावळ मांडली, भज्जी वाढली.

वाढायला जो माणूस आला त्याचा चष्मा बघितला आणि मला तो ऑफिसातला बाक आठवला. त्यांनीही मला ओळखलं. पाया पडले. कानाजवळ येऊन मोठ्यानं म्हणाले की तुम्ही राजीखुशीनं दिलंत म्हणून हे रान आम्हाला लाभलं, दरवर्षी येत जा. माणूस चांगला हाय. मी मान हलवली.

उठून जावं असं वाटलं होतं. पण आज या रानातून उपाशी जायचं न्हाई, म्हणून जेवले. बाबांच्या रानात पाव्हणी म्हणून जेवले, भागवत. माझं बिंदगं तिथंच दिलं. आईचे पाच दगड त्यांनी पुजले होते, चुना लावून चांगले मांडले होते. दाजी आले तेव्हा मी त्यांना डोळ्यांनी गप्प राहायला सांगितलं.

पाकीट वाचून मी रडले, ते रानासाठी न्हाई. तुझ्या लहानपणी तुला शाळेत सोडताना तू माझ्या तोंडाकडं बघायचास, मी मान हलवली की आत जायचास. त्या ऑफिसात मीही तसंच तुझ्याकडं बघितलं. तू मागितलं असतंस तर मी चष्मा लावून, वाचून, सही केली असती, आणि घरी येऊन रडले असते. तेवढं रडणं माझं मला ठेवायचं होतंस.

दाजी तुझ्यावर लई चिडलेत, त्यांना तुझा नमस्कार सांगितला न्हाई. ऋतुजाला मी हे पत्र दाखवणार न्हाई, पोस्टानंच धाडते. भागीदारी केलीस तर आता नीट कर, अर्ध्यात सोडून येऊ नको. उन्हात डोक्याला काही बांधत जा. आशीर्वाद मी काढून घेतलेले न्हाईत.

फक्त पुढच्या येळवसला मी कुठं जायचं, तेवढं लिही.

तुझी,
अक्का