शिट्टीच्या आधी लिहिलेली ओळ

सर,

शनिवारचा कार्यक्रम नक्की झाला. केशोरीच्या आपल्या शाळेच्या मुख्याध्यापिकांनी आज सकाळी फोन करून तसं कळवलं. वेळ अकराची, समोर दहावी ते बारावीची मुलं-मुली, विषय ‘क्रीडा माध्यमांतील करिअरच्या वाटा’ आणि बोलणार मी. प्रास्ताविक शाळेच्या क्रीडाशिक्षिका करतील, असंही त्या म्हणाल्या. ही क्रीडाशिक्षिका कोण, ते तुम्हाला सांगायला हवं, कारण तुमच्या हयातीत ती शाळेत नव्हती. मंडईच्या जत्रेतल्या त्या कबड्डी फायनलची कर्णधार. तलावापलीकडच्या गावची, डाव्या कोपऱ्यातून चढाईला जाणारी. आता ती तुमच्याच खोलीत बसते आणि तुमच्याच कपाटात चेंडू ठेवते.

परवा तिनेही फोन केला होता, माझी माहिती हवी म्हणून. कुठे शिकले, कुठे काम केलं, ते सगळं तिने लिहून घेतलं. मग तुमचा विषय निघाला. “सर लय चांगले होते ताई,” ती म्हणाली, “पण आमची फायनल त्यायनंच हरवली. आमी मैदानात जिंकलो न् सरानं पेपरात हरवलं.” ती हसली. मग म्हणाली, “मी त्यायच्या मातीले नाई गेली. राग होता तवा.” ती हसली तेव्हा मीही हसले, सर. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. गोंदियातल्या या दोन खोल्यांत मी नुसती इकडून तिकडे फिरते आहे. खाली राइस मिलचे ट्रक उभे असतात, त्यांचे हॉर्न ऐकू आले की खिडकीशी जाते आणि काही न पाहता परत येते.

मुलांनी प्रश्न आधीच लिहून पाठवले आहेत. मुख्याध्यापिकांनी त्या कागदाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला. कॉमेंट्री करायला इंग्रजी लागतं का. रील टाकून पोट भरतं का. खेळाडूंसोबत फिरायला मिळतं का. एकाने विचारलं आहे की खेळता येत नसेल तर खेळावर लिहिता येतं का, आणि त्याखाली दुसऱ्या कोणी वेगळ्या पेनाने लिहिलं आहे, ‘मॅडम याले काहीच येत नाही’. या सगळ्यांची उत्तरं माझ्याकडे आहेत. मी सांगेन की वार्ताहर ही एकच वाट आता राहिलेली नाही. सामन्यांची आकडेवारी ठेवणारे लागतात, चेंडूगणिक मजकूर टाकणारे लागतात, संघांना माध्यमांशी बोलणारा माणूस लागतो, मराठी समालोचकांना तर मागणी वाढली आहे. मी स्वतः यातलं बहुतेक केलं. नागपूरला क्रीडा पानावर उपसंपादक होते, मग एका वाहिनीसाठी कबड्डीचं मराठी लिखाण केलं, मग तीन हंगाम एका संघाची माध्यम व्यवस्थापक. हरलेल्या खेळाडूने पत्रकारांना काय सांगावं, हे सांगण्याचे मला पैसे मिळत होते. तुम्हाला हे ऐकून गंमत वाटली असती.

पाचवा प्रश्न मात्र असा आहे: ‘तुमची छापून आलेली पहिली बातमी कोणती?’ हा प्रश्न मला याआधीही अनेकांनी विचारला आहे. मी दर वेळी तिरोड्याच्या व्हॉलीबॉल स्पर्धेची बातमी सांगते. ती माझी दुसरी बातमी. ती बरोबर होती.

पहिल्या बातमीच्या दिवशी तुम्ही फायनलला पंच होतात, म्हणून लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी नुकतीच बी.ए. होऊन घरी बसले होते, शिकवण्या घेत होते आणि तुमच्याकडे येऊन, तुम्ही गोंदियाच्या पेपराला पाठवायचात त्या बातम्या वाचत होते. दिवाळी होऊन गेलेली, लवकर पिकणारा हलका धान कापून झालेला, आणि कापलेल्या शेताच्या एका बांधीवर माती चोपून, शेणाने सारवून मैदान केलेलं. तुम्ही तुमचा तो लाकडी पॅड माझ्या हातात देता, चिमट्याला चार कोरे कागद लावलेले. तुमची रीत मला माहीत होती. बातमी दुसऱ्या परिच्छेदापासून लिहायला घ्यायची. कोण पाहुणे, किती संघ, उपांत्य फेरीत कोण कोणावर भारी पडलं, हे सगळं आधी. पहिल्या ओळीची जागा कोरी. सामना संपल्याची शिट्टी वाजली की ती ओळ भरायची, पाकीट बंद करायचं आणि साडेपाचच्या गोंदिया बसच्या कंडक्टरकडे द्यायचं. गोंदियाच्या कार्यालयाचा माणूस ते स्टँडवर उतरवून घ्यायचा. “बस गेली तं गेली,” तुम्ही मला बजावलंत. “उद्या जाईल बातमी. कप काही पळून नाही जात.”

पाहुणे उशिरा आले. मग त्यांचा सत्कार, मग त्यांचं भाषण, मग मुलींशी हस्तांदोलन. फायनल सुरू झाली तेव्हाच पाच वाजले होते. उत्तरार्धात कर्णधाराचा संघ सात गुणांनी मागे होता, ती स्वतः बाद होऊन बाहेर बसलेली, गुडघ्यावरची माती खरडत होती. स्टँडवरून बसचा हॉर्न आला. मी तुमच्याकडे पाहिलं, तुमचं लक्ष रेषेवर होतं. दुसरा हॉर्न आला. मी पॅड मांडीवर घेतला आणि पहिली ओळ लिहिली. कोण जिंकलं, कोण उपविजेतं, नीट वळणदार अक्षरात. बाजारातून पळत गेले, पाकीट कंडक्टरच्या हातात दिलं. मला अजून आठवतं, मला फार आनंद झाला होता. माझं लिखाण बसमध्ये बसून गोंदियाला चाललं होतं.

परत आले तर मैदानावर गलका. कर्णधार पुन्हा आत आली होती. तिने एका चढाईत तिघींना बाद करून समोरच्या संघावर लोण चढवला होता, आणि शेवटच्या चढाईला ती परतते, मधली रेषा शिवते, तुमची शिट्टी वाजते, आणि एका गुणाने सामना तिचा. तुम्ही गर्दीतून माझ्याकडे पाहून हात वर केलात, म्हणजे भर आता पहिली ओळ. मी मान डोलावली.

मुली त्या संध्याकाळी कप घेऊन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गावी गेल्या, घोषणा देत. सकाळी पहिल्या बसने पेपर आला आणि पेपरात त्या उपविजेत्या होत्या. त्यांच्या गावात काय झालं, ते आपल्याला दुपारपर्यंत कळलं. पानठेल्यावरच्या लोकांनी त्यांना विचारलं, “कप गोंदियावरून इकत आणला का वो पोरीहो?” आदल्या दिवशी ज्यांनी मैदानात बसून सामना पाहिला होता, तेही पेपर हातात धरून गप्प राहिले. छापलं आहे म्हणजे काहीतरी असेल. कर्णधाराला पुढच्या जूनमध्ये कॉलेजात घालायचं तर तिच्या मोठ्या काकांना तयार करावं लागणार होतं, घरात त्यांचंच चालायचं. त्यांनी पेपर वाचून सांगितलं, हरायलेच जाते तं कॉलेज कायले पाहिजे. तिचं ते वर्ष गेलं.

तुम्ही शाळेच्या व्हरांड्यात पेपर उभ्यानेच वाचलात. मला वाटलं, ओरडाल. तुम्ही पेपराची घडी केलीत आणि विचारलंत, “लिहिण्याआधी शिट्टी ऐकली होती तू?”

“नाही सर.”

“मंग लिहिली काऊन?”

मी सांगितलं, बस सुटत होती. तुम्ही म्हणालात, बस रोज सुटते. एवढंच. मग विचारलंत, चूक कळल्यावर कार्यालयाला फोन का नाही केलास, रात्री दहापर्यंत ते बातमी बदलतात. मी सांगितलं, एसटीडी बूथची लाइन बंद होती. तुम्ही मान डोलावलीत. आपल्याकडची लाइन तेव्हा आठवड्यातून चार दिवस बंदच असायची, तुम्हाला शंका यायचं कारण नव्हतं.

तुम्ही सायकल काढलीत आणि मला मागे बसवून तलावाच्या पाळीवरून तिच्या गावी गेलात. तिच्या अंगणात, तिच्या बाबांसमोर आणि त्या काकांसमोर तुम्ही हात जोडलेत. “बातमी माझ्या नावानं जाते,” म्हणालात. “चूक माझी आहे. पोरगी जिंकली आहे, मी पंच होतो.” काका म्हणाले, मंग गुरुजी, तुमाले लिहाले येत नाई का. तुम्ही म्हणालात, “या वेळी नाही आलं.” कर्णधार दाराच्या चौकटीला टेकून तुमच्याकडे बघत होती. मी सायकल धरून फाटकाजवळ उभी होते. कोणी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

तीन दिवसांनी दुरुस्ती आली, धानाच्या भावांखाली चार ओळी. त्या गावात कोणी वाचल्या असतील असं मला वाटत नाही. महिन्याभराने पेपराने तुमचं काम बंद केलं आणि दुसरा कोणी सुचवा म्हणून तुम्हालाच विचारलं. तुम्ही माझं नाव दिलंत. तो पॅडही दिलात. वर म्हणालात, आता तुझ्या नावानं जाईल, सांभाळ. मी सांभाळलं, सर. पुढच्या सगळ्या वर्षांत माझा एकही निकाल चुकला नाही. नागपूरला मोठ्या सामन्यांच्या वेळी डेस्कवर दोन्ही मजकूर आधीच तयार ठेवायचे, हा संघ जिंकला तर हा, तो जिंकला तर तो. सगळीकडे तसंच करतात, त्यात काही वाईट नाही. पण पाठवायचं बटण मी शिट्टीच्या आधी कधीच दाबलं नाही. माझे सहकारी चिडायचे, इतर संकेतस्थळं आपल्याआधी टाकतात म्हणायचे. मी थंड डोक्याची बाई म्हणून ओळखली जाते. कारण त्यांना माहीत नाही.

माझी घाई मला फारशी टोचत नाही. बाविशीच्या आत कोणीही घाई करतं, आणि मुलांपुढे ती चूक सांगितली तर ती हसतील, टाळ्याही वाजवतील. अनुभवी माणसाने आपली पहिली फजिती सांगणं भाषणात शोभूनच दिसतं. टोचतं ते दुसरं. त्या संध्याकाळी मी बूथसमोरून दोनदा गेले. बूथवाला बाहेर खुर्ची टाकून बसला होता, आत मीटरचे लाल आकडे दिसत होते, कोणीतरी नागपूरला बोलत होतं. लाइन चालू होती. गोंदियाचा नंबर पॅडच्या पाठीमागे तुम्ही स्वतः लिहून ठेवलेला होता. फोन केला असता तर पहिलीच बातमी चुकली, असं एका अनोळखी माणसाला सांगावं लागलं असतं. तेवढं टाळायला मी घरी गेले आणि जेवले. तुम्ही त्या अंगणात हात जोडलेत ते माझ्या घाईतल्या चुकीसाठी, अशी तुमची समजूत होती. लाइनचं मी खोटं सांगितलं, हे तुम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि तुम्ही गेलात तेव्हा मी बाहेरगावी एका स्पर्धेवर होते. मीही मातीला नव्हते.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, हे मला पहिल्या ओळीपासून माहीत आहे. ते पॅडच्या चिमट्याला लावून ठेवीन. पाचव्या प्रश्नाची दोन्ही उत्तरं मी लिहून काढली, सवयच ती. एक तिरोड्याचं, एक खरं. दोन्ही वाचून पाहिली. मग लक्षात आलं की खरं उत्तर स्टेजवरून द्यायचं नाहीच. मुलांच्या टाळ्यांत ते तिने खुर्चीवर बसून ऐकावं, हसरा चेहरा ठेवावा, मग आभारही मानावेत, हे बरं नव्हे. ते तिला आधी ऐकायला मिळालं पाहिजे, तिच्या घरी, आणि तिला चिडायचं असेल तर चिडायला वेळ मिळाला पाहिजे.

म्हणून आत्ता संध्याकाळी मी तिला फोन केला. म्हटलं, शनिवारी पहाटेच्या बसने निघते, नऊच्या आत पोचेन, आधी तुझ्या घरी येते. ती म्हणाली, “एवढ्या लवकर काऊन येऊन राहिल्या ताई? कार्यक्रम तं अकराले आहे.”

मी म्हटलं, बसचा भरवसा नाही.

ती म्हणाली, ते खरं आहे, या, पोहे करून ठेवते. बस अगदी वेळेवर असते, सर. मी आजच स्टँडवर जाऊन विचारून आले होते. शनिवारी नऊ वाजता मी तिच्या अंगणात असेन.