बिलइत्तेफाक

अण्णा, तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली. तुमच्या नावाच्या चौकातून रिक्षा जाते तेव्हा मी आजही दुसरीकडं बघते. लोकांना वाटतं, लेकीचं मन भरून आलं. मला राग येतो, अण्णा.

निजामाच्या अमलात तुम्ही आपल्या गावच्या बलदियाचे, म्हणजे नगरपालिकेचे मेंबर होतात. आमची मुलींची मराठी शाळा बंद करायचा ठराव आला, त्या दिवशी फेटा बांधता बांधता आईला म्हणालात, "शाळंला हात लावू देणार न्हाय." परत आलात ते तोंड पाडून. बाकीचे फिरले, आपण एकटेच विरोधात उभे राहिलो, असं सांगितलंत. शाळा गेल्याच्या दुःखापेक्षा मला तुमचा अभिमानच जास्त वाटला. मग तुम्ही मला उर्दू शाळेत घातलंत आणि मी तिथं चांगली रुळले.

दोनेक वर्षांनी आई चूल पेटवायला तुमचे जुने कागद काढत होती. त्यात त्या सभेचा उर्दू कागद निघाला. खाली तुमची मोडी सही, वर लिहिलेलं, ठराव 'बिलइत्तेफाक' मंजूर. म्हणजे एकमतानं. आमच्या मास्तरांनी तो शब्द नुकताच शिकवला होता. तरी मी कागद पुढं धरून अर्थ विचारला. तुम्ही भाकरी मोडत होता. मान वर न करता म्हणालात, "योगायोगानं."

इत्तेफाक म्हणजे योगायोगही होतो, हे मलाही माहीत होतं. पण ठराव कधी योगायोगानं मंजूर होतो का हो? भ्याला असतात तर मी समजून घेतलं असतं. त्या दिवसांत कोण भीत नव्हतं? तुम्ही मात्र त्याच सहीवर पुढारी झालात. निजाम गेला, आणि 'शाळेसाठी एकटा लढलेला मेंबर' आधी नगराध्यक्ष, मग आमदार, मग मंत्री झाला. तेरखेड्याच्या फटाक्यांनी गाव दणाणलं.

हे पत्र कुठं टाकणार? खरं तर ते आमच्या शाळेच्या बाईंना लिहायला हवं होतं. शाळा बंद झाल्यावर त्या भूमला भावाकडं राहायला गेल्या. तुमच्या पहिल्या निवडणुकीत मी मतं मागत त्यांच्या दारात गेले. त्यांनी माझा हात धरून विचारलं, "तुझे अण्णा एकटेच उभे राहिले, हे खरं व्हय गं?"

मी व्हय म्हणाले.